पाट, तांब्या आणि पॉटी

पनवेलच्या जुन्या आळ्यांतल्या वाड्यांत वाढलेल्या आमच्या पिढीला शी-शूचं वळण कुणी लावलं, असं विचारलं तर एक नाव सांगता येत नाही. थोडं आजीनं लावलं, थोडं आत्यानं, आणि बरंचसं वाड्यातल्या थोरल्या पोरांनी. शिकवायला म्हणून कुणी बसलं नाही, आणि शिकायचं राहिलं असंही कुणाचं झालं नाही. आज आम्हीच आजी-आजोबा झालो आहोत. नातवंडं खांदा कॉलनीत, कामोठ्यात, खारघरच्या उंच मजल्यांवर वाढतात, आणि त्यांचे आईबाबा याच गोष्टीसाठी पुस्तकं वाचतात, डॉक्टरांना विचारतात, पाळणाघरातल्या ताईंशी बोलतात. आमच्यासाठी एवढी काळजी कुणी केली नव्हती, हे आधीच मान्य करतो. तरीही जुन्या मोरीची आठवण निघाली की जीव हळहळतो, आणि त्या हळहळीवर किती विश्वास ठेवावा हे आम्हांला कळत नाही.

बाळानं मान धरली की आजी त्याला पायांवर घ्यायची. मोरीजवळ पाटावर बसायचं, गुडघे थोडे उभे ठेवायचे, दोन पावलांमध्ये जागा सोडायची आणि तिथे बाळाला टेकवायचं. बाळाची पाठ तिच्या नडग्यांना, मांड्या तिच्या पावलांवर, खाली वर्तमानपत्राचा तुकडा. मग ‘श्शू... श्शू...’ सुरू. वेळ ठरलेली असे, झोपेतून उठल्यावर आणि दूध प्याल्यावर. पोटात काही गेलं की आतड्यांची हालचाल वाढते, हे डॉक्टर आज समजावून सांगतात. आजीला कारण ठाऊक नव्हतं, वेळ ठाऊक होती. बाळ कुंथायला लागलं, चेहरा लाल झाला, की ती गप्प व्हायची. बाळ इकडेतिकडे बघायला लागलं की त्याला भिंतीवरच्या मुंग्या दाखवायची. काही झालं नाही तर ‘नाहीये वाटतं आत्ता’ म्हणत उचलून घ्यायची, आणि तिच्या आवाजात नाराजी नसायची.

आता बाथरूममध्ये बदकाच्या आकाराची पॉटी असते, बसलं की गाणं वाजवणारी पॉटी असते, मोठ्या कमोडवर ठेवायची छोटी बैठक असते. जेटचं पाणी असतं, सुगंधी साबण असतो, फरशी चकचकीत असते. जागा आमच्या मोरीपेक्षा शंभरपट स्वच्छ, आणि उजेड तर विचारायलाच नको. पण कमोडवर बसलेल्या तीन वर्षांच्या मुलीचे पाय हवेत लोंबकळतात. पाय टेकले नाहीत की पोटाला जोर लावता येत नाही, म्हणून बालरोगतज्ज्ञ पायांखाली स्टूल द्यायला सांगतात. उकिडवं बसण्यात आमच्या पायांना जमीन आपोआप मिळायची. स्टूल नसलं की मूल रोखून धरतं, रोखलं की खडा होतो, खडा झाला की दुखतं, आणि दुखलं की पुन्हा रोखतं. यातून पडद्यामागे जाऊन डायपरमध्येच शी करणारी आणि पॉटी दिसली की रडणारी मुलं तयार होतात. ती हट्टी नसतात, घाबरलेली असतात.

आमच्या वेळी डायपर नव्हते, बाळोती होती. जुन्या धोतराची, विटलेल्या सुती साडीची, हजार वेळा धुऊन मऊ झालेली. ओलं झालं की बाळाला तत्काळ लागायचं, ते कुरकुरायचं, आणि कुणीतरी उठून बाळोतं बदलायचं. पनवेलचा पाऊस जूनमध्ये सुरू झाला की चार महिने कपडा वाळायचा नाही. मग बंबाभोवती, दोरीवर, खाटेच्या कठड्यावर, जिथे ऊब असेल तिथे बाळोती. घरभर तो धुरकट, ओलसर वास. त्या वासाची आम्हांला आज ओढ वाटते. पण तो वास अंगावर घेऊन राबणाऱ्या आईला कुणी विचारलं नव्हतं. दोन लहान मुलं असलेल्या बाईचा निम्मा दिवस बाळोती पिळण्यात जाई. बाळ लवकर शिकावं ही तिची निकड होती, कारण प्रत्येक चूक तिलाच धुवावी लागत होती. आमच्या लवकर शिकण्याचं कौतुक करताना तिचे फाटलेले हात आठवायला हवेत.

पॅम्पर्सचे एकदा वापरून टाकायचे डायपर अमेरिकेत 1961 साली बाजारात आले. पुढच्याच वर्षी बेरी ब्राझेल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञानं 1170 मुलांच्या निरीक्षणांवर आधारलेला निबंध छापला आणि सांगितलं, मूल तयार झाल्याची खूण दिसेपर्यंत थांबा, जबरदस्ती करू नका. आपल्या मध्यमवर्गीय घरांत या दोन्ही गोष्टी पोचायला पुढची कितीतरी वर्षं गेली. आज डॉक्टर साधारण दीड ते अडीच-तीन वर्षांचा काळ सांगतात: मूल स्वतः चालत जातं, चड्डी खाली ओढू शकतं, ‘आली’ म्हणून सांगू शकतं, दोन-दोन तास कोरडं राहतं, तेव्हा सुरुवात करा. हा सल्ला आमच्या लहानपणी कुणी दिला असता तर कित्येकांच्या पाठीवरचे धपाटे वाचले असते. फक्त त्या सल्ल्यातला संयम आणि आजच्या घराचं घड्याळ जुळत नाही. प्लेग्रुप जूनमध्ये सुरू होतो. अनेक ठिकाणी प्रवेशाच्या अर्जात मूल ‘पॉटी ट्रेन्ड’ आहे का, असा रकाना असतो. म्हणजे डॉक्टर सांगतात थांबा, आणि अर्ज सांगतो आटपा. मधल्या मध्ये अडीच वर्षांचं पोर एप्रिल-मेच्या उकाड्यात डायपर काढून घरभर फिरतं, आणि आई मोबाइलवर वीस-वीस मिनिटांचा गजर लावते.

अडीच वर्षांचे असताना आम्ही परसदारी असायचो. मोठ्यांचा संडास आमच्यासाठी नव्हताच. भोकातून आत पडू अशी भीती वाटे, आणि अंधारात पाली. म्हणून लहान मुलांना गटाराच्या कडेला बसवत. तीन-चार पोरं ओळीनं बसायची आणि गप्पा चालायच्या. कुणाची झाली, कुणाची राहिली, कुणी काल चिंचा खाल्ल्या, सगळं उघड. ‘झाली गं’ अशी हाक मारली की जी मोकळी असेल ती बाई तांब्या घेऊन यायची. पुढे ओणवं व्हायला सांगायची, एका हातानं पाणी ओतायची, दुसऱ्या हातानं धुवायची. तीन-साडेतीनचे झालो की तांब्या आमच्याच हातात यायचा. डावा हात धुवायला, उजवा जेवायला, हे तिथे ठरायचं ते जन्मभरासाठी. मग चुलीतली राख किंवा चिमूटभर माती हाताला चोळायची आणि वरून पाणी. घरात साबणाची लाल वडी असली तर ती पाहुण्यांसाठी. तांब्या पहिल्यांदा स्वतःच्या हातात घेतला तो दिवस आमच्या आयांना लक्षात होता, इतकं त्याचं अप्रूप होतं.

आता इथे थांबून ज्या गोष्टीकडे आम्ही डोळेझाक करतो ती सांगायला हवी. पोरं बसायची ते गटार उघडं होतं आणि त्याच अंगणात आम्ही गोट्या खेळायचो. मोठ्यांच्या संडासाखाली टोपली असे. पहाटे मागच्या बोळातून एक बाई येई, टोपली उपसून डोक्यावरच्या पाटीत ओते आणि निघून जाई. आमच्या आठवणीत तिचा चेहरा नाही, फक्त पाठ आहे. ती बोळात शिरली की आम्हांला आत ओढून घेत, तिची सावली नको म्हणून. आमचं परसदार स्वच्छ राहिलं ते तिच्या डोक्यावर. 1949 साली मुंबई सरकारनं सफाई कामगारांच्या हालांची चौकशी करायला बर्वे समिती नेमली होती. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, म्हणजे आमचं पनवेलही, त्याच राज्यात होतं. त्याही आधी, 1932 साली, कोकणातल्याच अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम स्वतः करू द्यावं म्हणून उपोषण केलं होतं. हे सगळं होऊनही टोपली डोक्यावरून उतरवायला कायदा यावा लागला तो 1993 साली, आणि तोही पुरला नाही म्हणून दुसरा 2013 साली. त्या बाईलाही लहान मुलं असतील. त्यांना शी-शूचं वळण कुणी लावलं, कुठल्या मोरीत, कुठल्या पाण्यानं, हा प्रश्न आमच्या वाड्यात कुणाच्या मनात आला नाही. त्या जगाबद्दल हळहळताना आधी तिच्यापाशी थांबावं लागतं.

आज टोपली नाही, ड्रेनेज आहे. पण सकाळी सोसायटीच्या कचऱ्यात गुंडाळलेले, न गुंडाळलेले डायपर असतात, आणि ते घंटागाडीवरच्या माणसाच्या हातातून पुढे कचराभूमीपर्यंत जातात. 2016च्या घनकचरा नियमांनी डायपर गुंडाळून द्यायला सांगितलं आणि त्यासाठी पिशवी पुरवणं कंपनीचं काम ठरवलं. किती घरं गुंडाळतात ते आपापल्या मजल्यावरचा डबा उघडून पाहावं. आमच्या वेळी ती बाई दिसत होती आणि आम्ही तोंड फिरवत होतो. आता तो माणूस दिसतच नाही.

आणि रोग. वाड्यात उन्हाळा आला की हगवण यायची, पाऊस आला की पुन्हा यायची. जंत सगळ्यांनाच होते, म्हणून रविवारी सकाळी एरंडेल. नाक दाबून, मागून गुळाचा खडा, आणि मग दिवसभर घरातच राहायचं. एरंडेलाच्या त्या रविवाराच्या गोष्टी आम्ही आज हसत सांगतो. पण जवळजवळ प्रत्येक घरात एखादं भावंड असं होतं की ज्याचं नाव आई फारसं घेत नसे. ‘जुलाब होऊन गेला’ एवढंच सांगितलं जाई. ज्या पाण्यानं ते मूल वाचलं असतं, ते मीठ-साखरेचं पाणी कामाला येतं हे 1971 साली डॉ. दिलीप महालनबीस यांनी बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत हजारोंचे जीव वाचवून दाखवलं. जलसंजीवनीची पुडी आपल्या घरात आली ती त्यानंतर. देशात 1992-93च्या पाहणीत दर हजार जन्मांमागे 109 मुलं पाच वर्षांची होण्याआधी जात होती, 2019-21च्या पाहणीत 42. यामागे लस आहे, डॉक्टर आहेत, पाणी आहे, आणि साबणानं धुतलेले हातही आहेत. ज्या राखेनं आम्ही हात चोळले तिच्याविषयी प्रेम असू द्यावं, पण नातीच्या हाताला साबणच लावावा.

बालवाडीत हे शिकवणं आपल्याकडे नवीन नाही. माँटेसरीबाईंनी 1907 साली रोममध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी घर उघडलं तेव्हा हात धुणं हाच तिथे एक धडा होता: पाणी ओतणं, साबण लावणं, पुसणं, सांडलेलं टिपणं, सगळं मुलानं स्वतः, सावकाश. तेच वळण ताराबाई मोडकांनी आपल्या मातीत आणलं. 1945 साली बोर्डीला त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबतीला आल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच वस्तीवर, मुलांच्या अंगणात गेली. तिथे पाटी-पेन्सिलीच्या आधी अंघोळ होती, नखं कापणं होतं, केस विंचरणं होतं. शिकलेल्या बायका दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसत होत्या, आणि हेच शिक्षण आहे असं ठणकावून सांगत होत्या. पुढे 2 ऑक्टोबर 1975ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाड्या गावोगाव उघडल्या.

आजही पनवेल तालुक्यात, कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाड्या-पाड्यांवर अंगणवाडीत गेलात तर खिचडीआधी हात धुण्याची रांग दिसते. सेविका पातेल्याजवळ, मदतनीस पाण्याजवळ. एक मूल साबण लावतं, मागचं त्याचे फेस आलेले हात बघतं आणि तसंच करतं. आमची परसदारची रांग आम्हांला दिसते ती इथे, मधलं गटार वगळून. पण पाणी आणायला मदतनिसाला हंडा उचलावा लागतो, आणि जिथे संडासाला नळ नाही तिथे मुलं अजूनही मागच्या झुडपांत जातात. ही गोष्ट गोड मानून चालणार नाही.

आमच्या लहानपणी रात्री गादी ओली झाली की सकाळी ती अंगणात उन्हात टाकत, सगळ्यांना दिसेल अशी. काका चिडवत, मोठी भावंडं नाव ठेवत, आणि ते नाव शाळेपर्यंत पिच्छा सोडत नसे. ‘लाज वाटली की सुधारतो’ असं मोठी माणसं म्हणत. आज आई रात्री उठून मुकाट्यानं चादर बदलते, प्लास्टिक अंथरते, ‘होतं असं’ म्हणते. पाच वर्षांच्या कितीतरी मुलांची गादी ओली होते आणि बहुतेकांचं ते वाढत्या वयाबरोबर थांबतं, यात मुलाचा दोष नाही, हे तिला ठाऊक आहे. या एका बाबतीत आमची पिढी काहीही हरवल्याची तक्रार करू शकत नाही.

पण धुणाऱ्या हातांचं काय? वाड्यात जो मोकळा असेल तो धुवायचा. आई, काकू, शेजारची ताई, प्रसंगी शेजारचा दादा. आम्ही त्याला आपलेपणा म्हणत आलो, आणि बहुतेक वेळा तो आपलेपणाच होता. बहुतेक वेळा. ज्यांच्या बाबतीत तो नव्हता ती मुलं काही बोलली नाहीत, कारण सांगायला शब्द नव्हते आणि ऐकणारं कुणी नव्हतं. आमच्यातल्या काहींनी ते साठीला आल्यावर प्रथम सांगितलं.

आता मुलाला शब्द दिले जातात. आई, बाबा, आजी आणि पाळणाघरातली अमुक मावशी, एवढ्यांनीच धुवायचं. इतर कुणी चड्डीला हात लावला तर ‘नको’ म्हणून ओरडायचं आणि घरी येऊन सांगायचं. 2012चा पॉक्सो कायदा आहे. तरी भीती आहे, आणि ती उगाच नाही. 2016च्या नोव्हेंबरात खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाल्याचं कॅमेऱ्यानं दाखवलं, आणि आमच्या भागातली प्रत्येक नोकरदार आई हादरली. मग पालक जिथे तिथे कॅमेरे मागू लागले. 2024च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, ते शाळेच्या स्वच्छतागृहात. तिथे कॅमेरा असू शकत नाही, असूही नये. तिथे आत जाणारी बाई कोण आहे, तिची चौकशी झाली आहे का, एका मुलाबरोबर ती एकटीच असते का, दार किती लोटलेलं असतं, हेच पाहावं लागतं. चार वर्षांच्या मुलीला स्वतःचं स्वतः धुता येणं, समोरून पाणी घेऊन पुढून मागे धुणं, लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून, हे पूर्वी आरोग्याचं काम होतं. आता ते तिच्या सुरक्षिततेचंही झालं आहे. आमच्या हातात तांब्या आला तो मोठं झाल्याच्या आनंदात आला. तिच्या हातात जेट येतो त्यात आमची भीतीही असते, आणि याचं आम्हांला फार वाईट वाटतं.

घरात आजी असली तरी ती आता पायांवर घेऊ शकत नाही, गुडघे वाकत नाहीत. मग ती कमोडशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसते. सून म्हणते, ‘आई, त्याला एकट्याला बसू दे, सवय लागेल.’ आजी म्हणते, ‘बसू दे की, मी कुठे काय करतेय.’ दोघींचंही बरोबर आहे. शाळेत त्याला एकट्यालाच बसायचं आहे, आणि आत्ता त्याला कुणीतरी जवळ हवं आहे. सुनेला सकाळी साडेसातची लोकल गाठायची आहे. त्या घाईत मूल ‘येत नाही’ म्हणतं, उठवलं जातं, आणि दुपारी पाळणाघरात चड्डी भरते.

तिथे ते काम मावशीवर येतं. कामोठे, कळंबोलीच्या पाळणाघरांत अशा कितीतरी मावशा आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणी सकाळी स्वतःचं पोर गावातल्या अंगणवाडीत किंवा सासूपाशी ठेवून येतात. मावशीला शी धुणं कुणी शिकवलेलं नाही, तिनं ते आपल्या आजीकडून उचललेलं आहे. ती मुलाला बसवते, समोर उकिडवी बसते आणि तोंडानं तोच ‘श्शू’ आवाज काढते. शिक्षिकांना प्रशिक्षण असतं, मावशीला नसतं. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर रंग ओळखणं असतं, पॉटीला घाबरणं थांबलं याची नोंद नसते. तिला पगार वाढवून द्यायला हवा, हातमोजे आणि साबण द्यायला हवेत, आणि सगळ्यांत आधी दुसरी मावशी द्यायला हवी. कारण घाबरलेल्या मुलाला मोकळं व्हायला निवांत दहा मिनिटं लागतात, आणि दाराबाहेर चड्डी धरून आणखी चार मुलं उभी असतात. दुसरी मावशी ठेवायची तर पाळणाघराची फी वाढते. ती वाढली की साडेसातच्या लोकलवाल्या आईचं महिन्याचं गणित कोलमडतं, आणि ती पुन्हा एक-मावशीच्या पाळणाघराचा पत्ता शोधू लागते.